सरांनी खोडलेलं उत्तर

औरादकर सरांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झालाय, असं काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही, आधी राग आला. वाईट नंतर वाटलं, आणि गोंधळ तर अजूनही सुटलेला नाही. ज्या माणसानं लातूरमधल्या कितीतरी बॅचना पचनसंस्था शिकवली, तोंडापासून शेवटच्या टोकापर्यंत एकही वळण न चुकवता शिकवली, त्याला स्वतःच्या पोटात काय चाललंय ते कळलं नसेल? आणि कळलं असेल तर तो गप्प का बसला? हे दोन प्रश्न मी इतकी वर्षं आलटून पालटून स्वतःला विचारत आलेय. कधी पहिल्याचं उत्तर पटतं, कधी दुसऱ्याचं.

भूकंपाच्या वर्षी मी अकरावीत होते. त्यानंतर कितीतरी दिवस लातूरमध्ये छताखाली बसायला कोणी तयार नव्हतं. कॉलेज बंद, क्लास बंद. सरांनी आपल्या अंगणातल्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या आणि निरोप धाडला की ज्याला यायचं त्यानं यावं, डोक्यावर पडलं तर लिंबोळीच पडेल. आम्ही गेलो. त्या दिवशी सरांनी शेजारच्या गोठ्यातून एक लांबलचक चऱ्हाट आणलं होतं. एकेका पोराच्या हातात थोडं थोडं देत त्यांनी ते अंगणभर फिरवलं. ही अन्ननलिका, हे जठर, हे लहान आतडं, वीस-बावीस फूट. शेवटचे पाच फूट त्यांनी काव लावून लाल केले होते. ते मोठं आतडं. त्याचं टोक धरायला मला उभं केलं.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते सावकाश चालत माझ्यापाशी आले.

"हसा," ते म्हणाले. "पहिल्या टोकाबद्दल माणूस दिवसभर बोलतो. काय खाल्लं, काय खायचं. या टोकाबद्दल बायकोला बी सांगत न्हाई. आन् बगा, लाजंपायी माणसं मरतात. डॉक्टर, टोक सोडू नका."

'डॉक्टर' म्हणजे मी. सर प्रत्येक विद्यार्थ्याला डॉक्टरच म्हणत. तेव्हा लातूरमध्ये घरोघरी एक डॉक्टर नाहीतर इंजिनियर पेरलेला होता. उगवतील तितके उगवतील. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या. नांदेड-परभणीकडची पोरं खोल्या करून राहत होती, आणि त्यांच्या आया पोरासाठी घर सोडून इथं येऊन चूल मांडत होत्या. मी उगवले नाही. थोडक्यात हुकले आणि बीएस्सीला गेले. तरी सर मला डॉक्टरच म्हणत राहिले. सुरुवातीला ते टोचायचं, मग सवय झाली.

सर मूळचे औराद शहाजानीकडचे, कर्नाटकच्या हद्दीवरचे, म्हणून बोलण्याला एक हेल होता. अंगानं बेताचे, पांढरा शर्ट, वरच्या खिशात खडू. त्या खिशाला कायम खडूची भुकटी लागलेली असायची आणि काकू त्यावरून रोज बोलायच्या. शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर उत्तर शोधत बसू नका. चुकीचं कोणतं ते बघा. "तीन उडवा. उरलं ते तुमचं." हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा तरी यायचं. भाजीवाल्यासमोरही ते याच पद्धतीनं वांगी निवडत, असं काकू म्हणायच्या.

दुसरी सवय जरा विचित्र होती, पण तिच्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. निलंग्याच्या बाजूला एका खेड्यात सरांची थोरली बहीण होती. भूकंपात तिचं घर पडलं नाही, वाकलं; पण दाराची कडी आतून अडकून बसली आणि ते दार उघडायला लोकांना अर्धा दिवस लागला. बहीण वाचली नाही. तेव्हापासून सरांनी कुठल्याच दाराला कडी लावली नाही. घराच्या नाही, क्लासच्या नाही, आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाच्याही नाही. मग आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून सर आत बसून मोठ्यानं प्राण्यांचं वर्गीकरण म्हणत. पोरीफेरापासून, म्हणजे स्पंजांपासून, सुरुवात. पहाटेच्या बॅचला आम्ही अंगणात बसलेलो असायचो आणि कोपऱ्यातून खणखणीत आवाज यायचा. सगळे संघ क्रमानं, एकेका संघातले प्राणी उदाहरणासकट. आमच्या अर्ध्या बॅचचं वर्गीकरण तसंच पाठ झालं. परीक्षेत तो प्रश्न आला की आम्हाला हसू यायचं आणि मार्कही पडायचे.

एमएस्सी करून मी नांदेडच्या विद्यापीठात संशोधनाला लागले. विद्यापीठ नवं होतं, इमारती कमी आणि माळ जास्त. माझा विषय असा होता: विद्यापीठातल्या मुलामुलींना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल काय माहीत आहे, खाण्यापिण्यानं, तंबाखूनं, नुसतं बसून राहण्यानं तो जवळ येतो हे त्यांना ठाऊक आहे का. विषय मला मार्गदर्शकांनी दिला होता. पाहुण्यांत सांगायची चोरी. आई विचारणाऱ्यांना नुसतं 'आरोग्यावर' म्हणून सांगायची.

सर तेव्हा दर रविवारी नांदेडला यायचे. लातूरच्या क्लासची इथं शाखा निघाली होती. सकाळच्या एसटीनं येत, दिवसभर शिकवत, संध्याकाळी परत जात. मी माझी प्रश्नावली त्यांना दाखवायला नेली. सतरा प्रश्न होते. स्टँडच्या कँटीनमध्ये बसून त्यांनी ती पेपर तपासावा तशी वाचली.

"हे 'शौचातून रक्तस्राव' काय लिहिलंय? उमरीच्या पोराला कळंल का हे?"

"मग काय लिहू, सर?"

"परसाकडं जाताना रक्त पडणं, असं लिहा. कळलं न्हाई तर तो उत्तर काय देईल?"

त्यांनी असे सहा-सात शब्द बदलून दिले आणि प्रश्नावली दुप्पट सोपी झाली. मग मी म्हटलं, सर, नमुना म्हणून तुम्हीच एक भरून द्या, किती वेळ लागतो ते बघते. सरांनी खिशातलं पेन काढलं. सोळा प्रश्नांची उत्तरं त्यांनी चहा निवायच्या आत लिहिली, अर्थात सगळी बरोबर. सतरावा प्रश्न असा होता: असा त्रास तुम्हाला स्वतःला झाला तर सगळ्यात आधी कोणाला सांगाल? तिथं ते थांबले. काहीतरी लिहिलं. मग ते खोडलं. एका रेघेनं नाही. कागद फाटेल इतकं, उभं-आडवं खोडलं, आणि मला कागद परत दिला.

"हा प्रश्न काढा, डॉक्टर. याला उत्तर नसतं."

मला वाटलं, प्रश्न जमला नाही म्हणून सांगतायत. तो कागद माझ्याकडे अजून आहे. मी तो खिडकीशी धरून पाहिलाय, मागून पाहिलाय, भिंगानं पाहिलाय. कधी वाटतं खाली 'बायकोला' आहे, कधी वाटतं 'कोणालाच नाही' आहे. एकदा तर मला तिथं 'डॉक्टर' दिसलं आणि मी दिवसभर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तसं काही नव्हतं.

प्रश्न मी काढला नाही. प्रश्नावल्या वाटायला सुरुवात केली आणि मग जो घोळ झाला तो आमच्याच मुलखात होऊ शकतो. पहिल्याच वर्गात एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?" मी हसून सांगितलं की ही परीक्षा नाही, माहीत असेल ते लिहा आणि पुढच्या आठवड्यात आणून द्या. कोणाचा विश्वास बसला नाही. दोन वर्षं क्लासमध्ये पिळून निघालेली ती पोरं. छापील कागद आणि त्यावर प्रश्न म्हणजे त्यांना परीक्षाच. त्यांनी एक प्रश्नावली मिळवली, झेरॉक्स काढल्या आणि रविवारी सरळ आपल्या जुन्या सरांना गाठलं. आणि सरांनी, समोर प्रश्न आला की ज्यांना राहवत नसे त्या सरांनी, फळ्यावर सोळाच्या सोळा प्रश्न समजावून सांगितले. वर चोथा, भाकरी आणि पालेभाजीवर पाऊण तास बोलले.

गठ्ठे परत आले. सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर. वाक्यंसुद्धा तीच. मार्गदर्शक खूश झाले, म्हणाले, आपल्या मुलांची जाण फारच चांगली दिसते. तीच मुलं बाहेर टपरीवर गुटख्याच्या पुड्या फोडत होती आणि सकाळ-संध्याकाळ वडापाववर जगत होती. सतरावा प्रश्न मात्र सगळ्यांनी कोरा ठेवला होता.

पुढच्या रविवारी मी स्टँडवर सरांशी भांडले. त्यांच्याशी आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ.

"सर, माझं वर्षभराचं काम पाण्यात गेलं."

"पाण्यात कसं? पोरांना माहीत हाय का न्हाई हेच बघायचं होतं ना? आता माहीत हाय की ओ."

"माहीत करून द्यायचं नव्हतं, मोजायचं होतं."

सर खरोखर गोंधळले. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे दिसत असताना ती न सांगता नुसतं मोजून निघून यायचं, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. मी विचारलं, मग सतरावा का नाही सांगितलात? ते म्हणाले, "ते वैयक्तिक हाय, सोडा म्हणलं मी." आणि डबा उघडला. डब्यात नुसता दहीभात होता. भाकरी-ठेच्याशिवाय ज्यांचं भागत नसे त्यांच्या डब्यात दहीभात.

भांडणाच्या नादात असूनही मला ते दिसलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती तीही दिसली. मी म्हटलं, "सर, बारीक झालात. पोट बरंय ना?" त्यांनी माझ्याच प्रश्नावलीतले मुद्दे बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"मटण? जन्मात न्हाई. दारू? न्हाई. तंबाखू? न्हाई. बसून राहणं? दिवसभर उभा असतो. तीन उडाले, चौथं बी उडालं. राहिलं काय? मूळव्याध. खुर्चीवर बसणाऱ्यांना होते, मला उभं राहून झाली."

"आणि घराण्यात कोणाला?"

"वडील पोटाच्या दुखण्यानं गेले. पण ते पोटाचं."

खेड्यात त्या काळी गळ्याच्या खाली आणि मांड्यांच्या वर जे काही दुखेल ते पोटाचंच असायचं, हे मला कळत होतं. घराण्याचा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नववा होता. सरांचं वय पन्नाशीच्या पुढं, हेही मला कळत होतं. पिशवीत सतरा प्रश्नांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्यासमोर बसले होते आणि अठरावा, 'तुम्हाला रक्त पडतं का' हा, विचारला नाही. मी फुगून बसले होते ना. त्यांची एसटी लागली, ते गेले. त्या दिवसाचा मला स्वतःचा इतका राग येतो की तो कोणावर काढावा ते समजत नाही.

काकूंचा फोन त्यानंतर सहा-सात महिन्यांनी आला. मी लातूरला गेले. दवाखान्यात सर्जननं विचारलं, त्रास केव्हापासून? सर म्हणाले, दोन महिने झाले असतील. ते आत तपासणीला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर काकूंनी माझा हात धरला.

"दोन महिने न्हाई गं. दोन वर्षं."

"तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?"

"ते कशाला सांगतात? मला ऐकू येत होतं." काकू सातवी शिकलेल्या, प्राणिशास्त्राचा संबंध नाही. पण पंचवीस वर्षं एकाच माणसाचा आवाज ऐकलेला. "आधी हे आत म्हणत म्हणत गोगलगाईपर्यंत यायचे आन् बाहेर यायचे. मग ते तारामासा का काय, तिथपर्यंत जायला लागले. मग मासे, मग बेडूक. कधी कधी पार माणसापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणलं, विचारावं. पण काय म्हणून विचारावं, बाई? असं कसं विचारायचं नवऱ्याला?"

त्यांना सरांच्या पिशवीत मूळव्याधीच्या चूर्णाच्या पुड्या सापडल्या होत्या. नांदेडहून येता-जाता कुठल्याशा वैद्याकडून घेतलेल्या. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. पुड्या होत्या तशा परत ठेवल्या. मी काकूंवर रागावणार होते, पण कोणत्या तोंडानं रागावणार? आम्ही दोघी त्या बाकावर बसलो होतो. एकीला सगळं ऐकू आलं होतं आणि एकीला सगळं माहीत होतं.

ऑपरेशन झालं. मळासाठी पोटाला पिशवी लागली. रोग पुढं सरकला आहे हे डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, काकूंनी मला सांगितलं, आणि सरांना कोणी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज नव्हती. ते मला एकदाच म्हणाले, "शिकवलेलं कुठं जातं हो, डॉक्टर?" मला वाटलं उत्तर हवंय, म्हणून मी काहीबाही बोलत राहिले. ते ऐकत नव्हते.

सीईटीच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. परीक्षेआधी पोरांनी आईबापांना घेऊन सरांच्या पाया पडायला यायचं ही लातूरची रीत आहे. सर शिकवत नव्हते तरी त्या वर्षीही रांग लागली होती, अंगणातून फाटकाबाहेर गेलेली. सर पुढच्या खोलीत कॉटवर बसले होते, मांडीवर शाल, शालीखाली पिशवी. मी दाराशी उभी राहिले.

पोरगं वाकायचं, सर डोक्यावर हात ठेवायचे आणि नेहमीसारखा आशीर्वाद न देता हळूच विचारायचे, "परसाकडं नीट होतं का? रक्त-बिक्त पडतं का?" पोरं लाल व्हायची. "न्हाई सर, न्हाई," म्हणून पळायची. मागं उभ्या असलेल्या आयांनाही ते तेच विचारत. एक बाई पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली आणि म्हणाली, सरांचं डोकं फिरलं वाटतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मला पुढं होऊन त्यांना थांबवावंसं वाटत होतं, आणि थांबवूही नये असं वाटत होतं.

मग एक मुलगी आली. तिचे वडील मागं होते, औशाकडचे शेतकरी असावेत; डोक्यावर टोपी, हातात तिची हॉल तिकिटाची पिशवी जपून धरलेली. मुलगी पाया पडून बाजूला झाली. वडील वाकले. सरांनी तोच प्रश्न विचारला.

ते 'नाही' म्हणाले नाहीत. हसलेही नाहीत. खाली फरशीकडे बघत राहिले. सरांनी त्यांचा हात धरला आणि मुलीला म्हणाले, "बाळा, काकूंकडून पाणी आण बरं." ती गेली.

"किती दिवस झाले?"

"वरीस झालं असंल, सर." आवाज इतका हळू की मला ओठांवरून कळलं. "पोरीला सांगू नका. तिचा पेपर होऊ द्या, मग दाखवतो की."

सरांच्या कॉलरच्या आत मान केवढीशी दिसत होती.

"मी बी असंच म्हणलो होतो," ते म्हणाले. "एवढी बॅच निघू दे, मग. दोन बॅचा निघाल्या."

म्हणजे कळत होतं त्यांना. दाराच्या चौकटीला धरून मी ते ऐकलं, आणि ते मला सांगितलेलं नव्हतं. कळत होतं, तर माझ्यासमोर बोटं मोजून मुद्दे का उडवले? कोणाला फसवत होते, मला की स्वतःला? आत जाऊन विचारावं असं वाटलं. पण आत एक माणूस खाली मान घालून उभा होता आणि विचारायची पाळी माझी नव्हती.

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वडिलांकडे, मग सरांकडे बघत उभी राहिली. बाहेर रांग खोळंबली होती, मागची पोरं वाकून बघत होती, कोणीतरी म्हणत होतं की उशीर होतोय. सरांनी तो हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी कॉट थोपटली, आणि तो माणूस टोपी काढून त्यांच्याशेजारी बसला.